ईश्वरप्पाच्या नावाची खोली

राधाकिशन दलालानं पुरा भाव देऊन काही घेतल्याचं बीडमध्ये कुणी पाहिलेलं नव्हतं. धोतरजोडी असो, छत्री असो की बायकोसाठी घेतलेलं पातळ, तो दुकानदाराचा भाव शांतपणे ऐकून घ्यायचा, अर्ध्याच्या जरा वर मागायचा आणि नाही म्हटलं की उठून चालायला लागायचा. त्याचं हे उठून चालायला लागणं जिल्ह्यातल्या सगळ्या बैलबाजारांत नावाजलेलं होतं.

तीस वर्षं त्यानं बैलांची दलाली केली. तिथं सौदा पंच्याखाली व्हायचा. एकीकडे बैलाचा धनी, दुसरीकडे गिऱ्हाईक आणि मधे राधाकिशन. खांद्यावरचा पंचा तो हातांवर टाकायचा आणि त्याच्या आडोशाला बोटं दाबून भाव सांगितला जायचा. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कुणाला पत्ता लागत नसे. तोंडानं भाव बोलणारा दलाल कच्चा, असं तो म्हणायचा. आणि बोटांनी जमेना तेव्हा तो पंचा झटकून उठायचा, "चला, न्हाई जमत," म्हणून पाठ फिरवायचा. त्यातली खुबी पुढेच होती. पहिली पंधरा-वीस पावलं जरा ओढत टाकायची, मागं बघायचं नाही. तेवढ्यात हाक यायचीच. "ओ दलाल, या माघारी, करू कायतरी!" हाक आली नाही, असं तीस वर्षांत एकदाही झालं नव्हतं, निदान तो तरी तसं छातीठोकपणे सांगायचा.

पुढं ट्रॅक्टर आले, मग लागोपाठ दोन सालं पाऊस रुसला, आणि बाजारात बैलांपेक्षा दलाल जास्त दिसायला लागले. राधाकिशन तेव्हा पंचावन्नचा. घरात तो आणि बायको बायडाबाई, मुलगी लग्न होऊन गेलेली. दुसरा एखादा घरी बसून राहिला असता. याला बसवत नव्हतं.

त्याच सुमाराला त्याच्या मेहुण्याला गालाचा कॅन्सर निघाला आणि राधाकिशन त्याला घेऊन मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात गेला. दवाखान्यात जागा नव्हती. लॉजवाले बीडचं नाव ऐकून भाव चढवायचे, आणि इथं पाठ फिरवून चालायला लागलं तर मागून कुणी हाक मारायला रिकामं नव्हतं. अकरा दिवस दोघं फुटपाथवर निळ्या प्लास्टिकखाली राहिले. शेजारी धारूरची माणसं होती, गेवराईची होती, नाकात नळ्या घालून रस्त्यावर झोपलेली. मेहुणा गेला. राधाकिशन परत आला तो त्या फुटपाथचा राग घेऊनच, आणि तो राग खरा होता. पुढं त्यानं जे केलं त्याबद्दल मला त्याला माफ करता येत नाही, पण हा राग खरा होता हेही सांगितलं पाहिजे.

एस.टी. स्टँडसमोर पवनचं नेट कॅफे होतं. पवन तिशीतला, लग्न झालेला, चार कॉम्प्युटर आणि एक झेरॉक्स मशीन यांच्यावर संसार चालवणारा. राधाकिशननं मुंबईची हकिगत सांगितली तेव्हा त्यानं पडद्यावर एक साइट उघडून दाखवली.

"मामा, ह्या हॉटेलवाल्यांच्या खोल्या रिकाम्या राहत्यात. रिकामी ठेवण्यापरीस कमी भावात देऊन टाकत्यात. पण हॉटेलचं नाव झाकून ठेवत्यात, न्हाईतर पुरा भाव देणारी गिऱ्हाइकं बोंबलत्याल. आपण एरिया सांगायचा आन आपला भाव टाकायचा. त्येंना पटला तर पैशे कटत्यात, मग नाव दिसतं."

राधाकिशन पडद्याकडे बघत राहिला. मग त्यानं मांडीवर थाप मारली.

"म्हंजे पंच्याखाली की बे!"

त्या दिवसापासून त्यानं दुसरा बाजार धरला. इंग्रजी त्याला येत नव्हतं, ते पवन वाचून सांगायचा. पण समोरचा धनी कुठवर खाली येईल हे त्याच्या बोटांना कळायचं. कुठल्या वारी खोल्या पडून असतात, कुठल्या साइटवर सूट संध्याकाळी लागते, परळला बाराशे मागणारा हॉटेलवाला साडेचारशेला कधी मान डोलावतो, हे त्याला दोन महिन्यांत पाठ झालं. भाव पटला नाही की तो पवनला पान बंद करायला सांगायचा आणि चहाला जायचा. परत येईपर्यंत साइटचा मेल येऊन पडलेला असायचा: परत या, आणखी दहा टक्के कमी. यावर तर तो लहान मुलासारखा हसायचा. "बघ बे, मशीन बी हाक मारायलंय!"

हळूहळू माणसं त्याचं नाव काढत यायला लागली. मुंबईला दवाखान्यात जायचंय, रूमवाल्या दलालाला भेटा. पवनच्या कॅफेत झेरॉक्सशेजारी त्याची एक खुर्ची ठरून गेली. दलाली घ्यायचा, पण बैलामागं घ्यायचा त्याहून कमी. आजारी माणसाला गादी मिळाली, पंखा मिळाला, नळाला पाणी मिळालं, की तो दिवसभर खुशीत असायचा.

एकच गोष्ट त्याला सलायची. या बाजारात जनावर माघारी जात नव्हतं. बैल घेतला आणि घरी गेल्यावर मारका निघाला तर चार दिवसांत परत करता येतो, तशी रीतच आहे. इथं पैसे गेले की गेले. तारीख बदलायची नाही, नाव बदलायचं नाही, म्हणून तर एवढी स्वस्त. आणि त्याचं गिऱ्हाईक हे असं, की निघायच्या आधीच मरायचं. महिन्यातून एकदा तरी घरून फोन यायचा, अण्णा गेले, आता खोली नको. चौदा-चौदा दिवसांच्या खोल्या अशा वाया गेल्या. राधाकिशनला अन्न गोड लागेना. फुटपाथवर माणसं प्लास्टिकखाली पडलेली आणि पैसे मोजलेली खोली कुलूप लावून रिकामी, हे त्याला बघवेना. मग एके दिवशी त्याच्या डोक्यात आलं की मेलेल्याच्या जागी जिवंत माणूस पाठवला तर कुणाचं काय जातं? आधार कार्डाची झेरॉक्स आपल्याकडे आहेच. झेरॉक्समध्ये सगळी म्हातारी माणसं सारखीच काळी दिसतात.

पहिल्यांदा पाठवलं तेव्हा त्याला दोन दिवस धाकधूक होती. काही झालं नाही. दुसऱ्यांदा धाकधूक राहिली नाही. अशा सहा खोल्या गेल्या, सहाही माणसं उपचार घेऊन परत आली, एकानं तर पेढे आणून दिले.

सातवी खोली ईश्वरप्पाची. ईश्वरप्पा धारूरचा किराणा दुकानदार, लिंगायत, कपाळावर भस्माचे तीन ठसठशीत पट्टे, बोलायला मृदू. तो एकटाच येऊन खोली ठरवून गेला होता, घरी उगाच घोर नको म्हणून. दवाखान्याला लागून असलेल्या चांगल्या हॉटेलातली खोली राधाकिशननं त्याला इतक्या कमी भावात मिळवून दिली की पवननं दोनदा आकडा तपासला. जायच्या आठ दिवस आधी ईश्वरप्पा दुकानात बसल्या बसल्या गेला.

राधाकिशन तिसऱ्या दिवशी धारूरला भेटायला गेला. खरं तर विचारायला गेला होता, की खोली दुसऱ्या कुणाला देऊ का. ईश्वरप्पाची बायको शिवकांता भिंतीला टेकून बसली होती. रीतीप्रमाणे त्याला बसता करून, हातात लिंग देऊन मातीत ठेवलं, गाव सगळा आला होता, असं ती हळू आवाजात सांगत होती. मग तिनं विचारलं, "तुमी कुठले पावणे?"

"बाजारातली वळख होती," एवढंच राधाकिशन म्हणाला. चहा घेतला आणि उठला. जे विचारायला गेला ते राहिलंच. परतीच्या एस.टी.त त्यानं स्वतःची समजूत घातली, की दुःखात असलेल्या बाईला असलं काय विचारायचं.

दुसऱ्या दिवशी चकलांब्याहून आबासाहेब आणि सरूबाई आली. आबासाहेबाच्या घशात गाठ होती. आवाज पार गेलेला, गळ्याभोवती पांढरा रुमाल गुंडाळलेला. मुंबईच्या दवाखान्यात नाव घालायची तारीख चार दिवसांवर होती आणि त्या आठवड्यात मुंबईत खोल्यांचे भाव आभाळाला भिडले होते. राधाकिशननं तीन साइटांवर भाव टाकला, तिन्हींनी झिडकारलं.

"पेशंटचं नाव?" पवननं विचारलं.

सरूबाईनं पदर पुढं ओढला आणि राधाकिशनकडे बघितलं. नवऱ्याचं नाव ती कसं घेणार? लग्नात बायांनी दार अडवलं तेव्हा उखाण्यात एकदा घेतलं असेल तेवढंच. त्यानंतर कधी रेशनच्या रांगेत, कधी तलाठ्यापुढं वेळ आली, तर शेजारी उभं असलेलं कुणीतरी तिच्या वतीनं सांगायचं. तशी आपल्याकडची रीतच आहे आणि शेजारीही ती पाळतात. आबासाहेबाच्या तोंडून तर आता नुसती हवा यायची. शेवटी राधाकिशननंच बीडच्या डॉक्टरच्या चिठ्ठीवरून वाचून सांगितलं, "आबासाहेब."

आणि मग तो म्हणाला, "वैनी, एक खोली हाय. अर्ध्या भावात. पण नाव दुसऱ्याचं हाय."

त्यानं सगळं नीट समजावून सांगितलं. कार्डाची ही झेरॉक्स दाखवायची. कुणी विचारलं तर ईश्वरप्पा म्हणायचं. यांना बोलता येत नाही ते एका अर्थी बरंच आहे. फक्त कपाळाला भस्म लावा, म्हणजे फोटोशी जुळंल. आबासाहेबानं मान हलवली.

"ते ईश्वरप्पा कुठं हायत आता?" तिनं विचारलं.

"हायत गावाकडं," राधाकिशन म्हणाला. मेलेल्या माणसाची खोली म्हटलं असतं तर बाईच्या मनात पाल चुकचुकली असती, म्हणून त्यानं ते गाळलं. भस्माची पुडी त्यानं स्वतः स्टँडजवळच्या दुकानातून आणून दिली, तिचे पैसे घेतले नाहीत.

ते मुंबईला पोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला राधाकिशनचा मोबाईल वाजला. हॉटेलचा मॅनेजर बोलत होता.

"तुमचा नंबर बाईंच्या चिठ्ठीवर होता. ईश्वरप्पा गेले हो."

राधाकिशनला क्षणभर उमगेचना. ईश्वरप्पाला जाऊन आठवडा उलटला होता, हे त्याला आता कोण कळवतंय? मग तो झेरॉक्स मशीनचा कोपरा धरून खाली बसला.

मॅनेजर भला माणूस होता. सोलापूरकडचा, स्वतः लिंगायत. आपल्यातला माणूस परक्या गावात गेला म्हणून हळहळत होता. चहा नेऊन दिला तर गाठीतून रक्त आलेलं, सगळं संपलेलं. पोलीस आले आहेत, कागद करायचे आहेत. बाई काही बोलत नाहीत, नवऱ्याचं नाव विचारलं तर नुसत्या बघत राहतात. मी रजिस्टरवरून सांगितलं.

"बाईला द्या जरा फोन," राधाकिशन म्हणाला.

सरूबाई अगदी हळू म्हणाली, "भाऊ, हे दुसरंच नाव लिवायलेत. काय सांगू?"

आता हाच तो क्षण. एका वाक्याचं काम होतं. वैनी, खरं सांगा, दाखवा पिशवीतली डॉक्टरची चिठ्ठी, मी येतो रातच्या गाडीनं. पण राधाकिशनच्या डोळ्यांपुढं खाकी कपडे उभे राहिले. त्या मागच्या सहा खोल्या उभ्या राहिल्या. या एका खोलीचं कुलूप उघडलं की बाकीच्या सहांचंही उघडणार.

"तिथं काई बोलू नका," तो म्हणाला. "जे लिवलंय ते ऱ्हाऊ द्या. पिशवीतले कागद दाखवू नका. हिकडं आल्यावर मी बघतो."

"तुमी बघता?"

"म्हनलं ना वैनी. मी बघतो."

तिनं फोन मॅनेजरच्या हातात दिला. पंचनाम्यात ईश्वरप्पा, दाखल्यात ईश्वरप्पा. प्रेत गावी न्यायचं तर कागदावर गाव धारूर, तिथं कुणाच्या दारात नेऊन ठेवणार? तिथंच उरकायचं ठरलं. मॅनेजर म्हणाला, आपल्या लोकांची जागा आहे इथं, रीतीप्रमाणे पुरू या, मी सगळी व्यवस्था करतो. त्या बाईनं त्या दोन दिवसांत तिथल्या माणसांपुढं तेवढा एकच शब्द उच्चारला. "जाळा." मॅनेजरला वाईट वाटलं, पण त्यानं ऐकलं. कपाळावरचं भस्म पुसायचं कुणालाच सुचलं नाही. आबासाहेब दुसऱ्याच्या नावानं जळाला, आणि तो आबासाहेब होता हे दाखवणारं जे काही होतं तेही त्याच्याबरोबर गेलं.

चौथ्या दिवशी सरूबाई बीडच्या स्टँडवर उतरली. हातात अस्थींचा स्टीलचा डबा होता. डब्यावर कागदाची चिठ्ठी चिकटवलेली असावी, ती तिनं गाडीत नखानं खरवडून काढली होती, डिंक तेवढा राहिला होता. राधाकिशननं तिला चहा पाजला आणि परत म्हणाला, मी बघतो.

त्यानं बघितलंही, नाही असं नाही. दलालाच्या पद्धतीनं, खालच्या खाली. गावात घरीच वारले अशी नोंद होते का, म्हणून ग्रामसेवकाकडे माणूस पाठवला. ग्रामसेवक म्हणाला, अख्ख्या गावानं त्याला मुंबईच्या गाडीत बसताना पाहिलंय, मला कशाला अडकवता? वकिलाच्या कारकुनाला भेटला, त्याला चहा पाजून पाजून थकला. पवननं हात वर केले. "मामा, मी नुसतं मशीन भाड्यानं देतो. मला काई म्हाईत न्हाई." दुसऱ्या दिवसापासून राधाकिशनची खुर्चीही तिथून हलली.

इकडे सरूबाईचे हाल कुत्रा खाईना. दोन एकर जमीन आबासाहेबाच्या नावावर, वारस नोंदीला मृत्यूचा दाखला हवा. निराधार बाईचा पगार मागायला गेली तर तोच दाखला. दीर म्हणाला, दाखला न्हाई तर भाऊ जित्ता हाय, आन भाऊ येईस्तोवर रान मी पेरतो. गावात बाया कुजबुजायला लागल्या, की नवऱ्याला मुंबईत सोडून आली आणि गेला म्हणती. तिनं कुंकू पुसलं होतं, बांगड्या उतरवल्या होत्या, आणि कागदावर मात्र ती सवाष्ण होती.

शेवटी तिनंच कचेरीत अर्ज दिला. मुंबईत त्या तारखेला जो वारला तो माझा नवरा होता, एवढंच तिचं म्हणणं. चौकशीला एक साहेब नेमले गेले. त्यांनी मुंबईला लिहिलं, मग धारूरला लिहिलं. धारूरहून शिवकांताचा जबाब आला, की माझे मालक त्याच्या आधीच गेले, धारूरच्या मातीत आहेत, मुंबईत त्यांना कोण दुसऱ्यांदा मारतंय? जबाब देताना ती बाई ओक्साबोक्शी रडली, असं तलाठ्यानं कागदावर लिहिलं नसलं तरी कचेरीत सगळ्यांना माहीत होतं.

सुनावणीच्या आठ दिवस आधी सरूबाई राधाकिशनच्या घरी आली. भांडली नाही. म्हणाली, "भाऊ, तुमी यायचं हाय. तुमी म्हनलेत, बघतो म्हणून." बायडाबाईनं तिला जेवू घातलं, निघताना भाकरी बांधून दिली. ती गेल्यावर बायडाबाईनं नवऱ्याला धारेवर धरलं.

"आवं, जावा आन सांगून टाका. काय फाशी देत न्हाईत."

"केस करत्याल, बायडे. मेलेल्याचं कार्ड वापरलं म्हणून. एक न्हाई, सात खोल्या हायत्या."

"मग करू द्या केस. त्या बाईचं तोंड बघितलंत का? तुमच्या एका बोलण्यावर तिचा जलम टांगलाय."

सुनावणीच्या दिवशी सकाळी राधाकिशननं धुतलेलं धोतर नेसलं, पंचा खांद्यावर टाकला आणि निघाला. सांगायचं ठरवूनच निघाला होता, हे मी खात्रीनं सांगू शकतो. वाटेत तो वाक्य जुळवत होता. साहेब, खोली मी दिली. नाव मी सांगितलं. बाईचा दोष न्हाई.

साहेबांची खोली लहान होती. टेबलामागे साहेब, बाजूला लिहायला कारकून, समोर बाकावर सरूबाई. राधाकिशन दारातच उभा राहिला, चौकटीला हात लावून. साहेब वाईट माणूस नव्हता. त्यानं सगळे कागद पुढ्यात मांडले आणि सरूबाईला समजेल असं सांगितलं.

"बाई, मुंबईत वारला तो ईश्वरप्पा नव्हता, हे मला पटलंय. पण तो तुमचाच माणूस होता याला पुरावा काय? दवाखान्यात त्याचं नाव लागलेलं नाही. ज्यानं दुसऱ्याच्या नावावर तुम्हाला पाठवलं, तो माणूस पुढं येऊन सांगेल तर मी आज लिहून देतो. नाहीतर गावाच्या सांगण्यावरून फार तर बेपत्ता लिहिता येईल. बेपत्ताला सात वर्षं थांबावं लागतं."

"सात वर्सं," सरूबाई म्हणाली.

"बरं, आधी सांगा. मयताचं नाव?"

सरूबाईनं सवयीनं आजूबाजूला बघितलं. बाकावर शेजारी कुणी नव्हतं. तिनं दाराकडे बघितलं. राधाकिशनचे ओठ हलले. पवनच्या कॅफेत त्यानंच तर ते नाव तिच्या वतीनं सांगितलं होतं. आताही सांगितलं असतं, पण नाव सांगितलं की पुढचा प्रश्न आलाच, तुम्ही कोण? त्याचे ओठ मिटले.

मग सरूबाईनं डोक्यावरचा पदर नीट केला, जमिनीकडे बघितलं आणि म्हणाली, "आबासाहेब."

"पूर्ण नाव, बाई. वडिलांचं, आडनाव."

सासऱ्याचंही नाव तिनं कधी तोंडातून काढलेलं नव्हतं. तिच्या मानेची शीर ताठ झालेली राधाकिशनला दारातून दिसली.

"आबासाहेब भगवानराव उबाळे," ती म्हणाली. एकदम मोठ्यानं, बाहेर व्हरांड्यात उभ्या असलेल्यांनीही वळून बघितलं. मग तिनं तोंडावर पदर धरला आणि तिचे खांदे हलायला लागले. मुंबईत ती रडली नव्हती, स्टँडवर डबा घेऊन उतरली तेव्हा रडली नव्हती. आता रडली. साहेब थांबला. कारकुनानं पाण्याचा ग्लास पुढं केला.

"आणि खोली कुणी दिली?" साहेबानं जरा वेळानं विचारलं.

सरूबाईनं डोळे पुसले. "ते हितं आलेत, साहेब. दारात उभे हायत. त्येंचं नाव त्येंनीच सांगावं."

सगळे दाराकडे वळले. राधाकिशनचा हात खांद्यावरच्या पंच्याकडे गेला, पंचा उजव्या हातावर पडला आणि आतल्या आत त्याची बोटं वळली. कुणाचा हात धरायचा होता? पलीकडे कुणाचा हातच नव्हता. वाक्य त्याला पाठ होतं. खोली मी दिली. पाच वर्षांचं पोर बोलून गेलं असतं.

"काय हो, तुम्ही दिली खोली?" साहेबानं विचारलं.

"मी?" राधाकिशन म्हणाला. "न्हाई साहेब. मी दुसऱ्याच कामाला आलोय. चुकून हिकडं आलो."

साहेबानं सरूबाईकडे बघितलं. "बाई, हेच का ते?"

सरूबाईनं राधाकिशनकडे बघितलं. डोक्यावरच्या टोपीपासून पायांतल्या वहाणांपर्यंत सावकाश बघितलं, बाजारात माणूस जनावर बघतो तसं.

"न्हाई," ती म्हणाली. "हे न्हाईत. ते असते तर बोलले असते."

कारकुनानं लिहायला घेतलं. राधाकिशननं पंचा झटकून खांद्यावर टाकला आणि वळला. व्हरांडा लांबलचक होता. तो चालायला लागला, आणि तीस वर्षांच्या सवयीनं त्याची पावलं आपोआप ओढत पडायला लागली. मागं बघायचं नाही. आता साहेब म्हणेल, ओ, थांबा जरा. आता सरूबाई म्हणेल, भाऊ. एक हाक आली असती तर तो खरंच माघारी फिरला असता, सगळं सांगितलं असतं, त्याच्या मनाची तयारीच होती. दहा पावलं झाली. पंधरा झाली. जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी तो पंचा सारखा करायच्या निमित्तानं थांबलासुद्धा. मागं साहेब कारकुनाला एकेक शब्द सांगत होता आणि कारकून तो लिहून घेत होता. हाक कुणी मारली नाही.